गरम गाडीचा स्लो खाली येईना, मधेच नाचतोय. आणखी किती पार्ट बदलू?

खडूफळा, परभणी

नमस्कार मंडळी. गाडी २०१४ ची, पेट्रोल, चार सिलेंडरची लहान हॅचबॅक. कंपनीचं नाव मुद्दामच लिहीत नाही, नाहीतर अर्धे लोक कंपनीवरच भांडत बसतील आणि माझा प्रश्न राहील बाजूला. ९१ हजार किलोमीटर झालेत. मी जिल्हा परिषदेच्या शाळेवर आहे. परभणीहून जिंतूरच्या बाजूला रोजचं जाणं-येणं, त्यामुळं गाडी चार दिवस गॅरेजला सोडून बसता येत नाही.

तक्रार स्लोची, म्हणजे एक्सलेटरवर पाय नसताना इंजिन ज्या वेगानं फिरतं त्याची. सकाळी साडेसहाला चालू केली की आरपीएमचा (मिनिटाला फेऱ्यांचा) काटा चौदाशेवर जातो. ते ठीक, थंडीत चढणारच. पण वीस-बावीस किलोमीटर चालवून चहाला थांबलो तरी काटा अकराशेच्या खाली येत नाही. आधी साडेसातशेला दगडासारखा उभा राहायचा. आणि दुपारी परत येताना वेगळंच नाटक: गाडी थांबली की रेस आपोआप सतराशेपर्यंत चढते, धपकन हजारावर येते, परत चढते. व्हूंऽऽ, व्हूंऽऽ. वसमत रोडला शेजारचा बुलेटवाला माझ्याकडं बघून हसला. त्याला वाटलं सर शर्यत लावायलेत.

मायलेज सतरावरून तेरावर आलंय. सकाळी सायलेन्सरला पेट्रोलचा वास येतो.

आतापर्यंत थ्रॉटल बॉडी (इंजिनात हवा सोडणारी चकतीची नळी) साफ झाली, चारही प्लग नवे पडले, एअर फिल्टर नवा, स्लोची मोटर खोलून धुतली. मिस्त्रीनं एक बारका स्क्रू पण फिरवला आणि म्हणाला, "सर, स्लो कमी करून दिला." दोन दिवस बरं वाटलं. आता व्हूं-व्हूं आहेच, वर एक्सलेटर दाबताना सुरुवातीला काहीतरी चिकटल्यासारखं होतं आणि गाडी हिसका मारून निघते. आता तो म्हणतोय मोटर बदला, साडेचार हजार. तरी नाही गेलं तर ईसीएम, म्हणजे इंजिनचा कॉम्प्युटर. ईसीएमचा आकडा ऐकून आमच्या घरात अर्धा तास कुणी बोललं नाही.

चेक लाईट लागलेली नाही. हे सगळं दिवाळीनंतर सुरू झालं. कुठून धरायचं?

ऊसपट्टा, लातूर

सर, सरळ आहे. पेट्रोलमध्ये आता वीस टक्के इथेनॉल येतंय. आमच्याच उसाचं, आणि आमच्याच गाड्यांना बाधतंय. माझ्या मोटारसायकलचा पण स्लो धरत नव्हता. टाकी रिकामी करून दुसऱ्या पंपावरचं टाकून बघा.

जुना फिटर, उदगीर

गुरुजी, थांबा. साडेचार हजार खिशातच राहू द्या.

ऊसवाले दादा, इथेनॉलचा थोडा वाटा असंल, नाही म्हणत नाही. जुन्या गाडीच्या रबराला ते मानवत नाही हेही खरं. पण लिटरमागं इथेनॉलमध्ये पेट्रोलच्या साधारण दोन तृतीयांशच दम असतो, म्हणजे वीस टक्के मिसळल्यावर सहा-सात टक्क्यांचा फटका. सतराचे फार तर सोळा व्हावेत. तेरा कुठून झाले? आणि पंपावर गुरुजींच्या गाडीला वेगळं पेट्रोल काढून ठेवत नाहीत.

आता गुरुजी, तुम्ही एका दमात तीन दुखणी सांगितली आणि तिन्हीला एकच नाव दिलं. सकाळी न उतरणारा स्लो हे एक, दुपारचं नाचणं दुसरं, चिकटणारा एक्सलेटर तिसरं. तिसरं तर मिस्त्रीनं स्वतःच्या हातानं लावून दिलंय.

तो स्क्रू स्लोचा नाही. स्लोचा स्क्रू कार्बोरेटरला असायचा, कान लावून पाव-पाव आटा फिरवायचा, आमची उमर त्याच्यातच गेली. इंजेक्शनच्या गाडीत थ्रॉटलची चकती पार मिटून नळीत अडकू नये म्हणून कंपनी मागं एक टेकू देते, तो हा स्क्रू. त्याच्यावर बहुतेक रंगाचा ठिपका असतो. त्याचा अर्थ एकच, हात लावू नका. तो मागं घेतला की चकती नळीच्या भिंतीत रुतून बसते. पाय दाबला की एकदम सुटते, तोच तुमचा हिसका. शिवाय 'पाय उचललाय' हे ईसीएमला कळवणारा सेन्सर त्याच दांडीवर बसलेला, त्याचाही हिशेब चुकतो. रंगाची जुनी खूण दिसत असंल तर स्क्रू तिथं परत न्या. नसंल तर आधी सोडा, चकती पूर्ण मिटू द्या, मग स्क्रू लिव्हरला नुसता टेकेपर्यंत आत घ्या आणि वर थोडासाच, चकती अडकायची बंद होईल एवढाच.

मग स्लो धरतं कोण? चकतीच्या बाजूनं एक बारकी वाट असते, तिच्यातून हवा कमी-जास्त सोडणारी ती मोटर. ती नोकर माणूस. हुकूम ईसीएमचा, आणि ईसीएम हुकूम देतो मुख्यतः पाण्याच्या गरमीवरून. पाणी नव्वद अंशाला असलं तर साडेसातशे, वीस-पंचवीसला असलं तर चौदाशे. म्हणून गरम गाडी अकराशेवर उभी असली तर मी मोटरीला पाना लावायच्या आधी एकच बघतो, की ईसीएमला गाडी गरम झाल्यासारखी वाटायलीय का.

एवढं सांगा. वीस किलोमीटरनंतर पाण्याचा काटा कुठं असतो? सकाळी हीटर लावला तर गरम वारा येतो का कोमट? उन्हाळ्यात गाडी कधी तापली होती का, आणि तापली असंल तर कुणी काय केलं? रेडिएटरमध्ये कुलंट आहे का बोअरचं पाणी? आणि दिवाळीत गाडी कुठं उभी होती?

जमलं तर स्कॅनर लावून आकडे घ्या. ब्लूटूथचा सहाशे रुपयेवाला चालतो, पण मोटर किती पायऱ्या उघडलीय हे त्याच्यात बहुतेक दिसत नाही. ओळखीच्या कुणाकडं गॅरेजचा मोठा स्कॅनर असंल तर तो लावा.

खडूफळा, परभणी

मामा, तुमचे प्रश्न वाचले आणि मे महिना डोळ्यापुढं आला.

पाण्याचा काटा नाहीच आमच्या गाडीला, नुसता निळा दिवा आहे, थंड असताना लागणारा. आधी दोन-तीन किलोमीटरवर विझायचा. आता थंडीत दहा-बारा किलोमीटर जात नाही. मला वाटलं परभणीची थंडीच तशी. हीटर कोमट.

मे मध्ये जालन्याला लग्न होतं. येताना मंठ्याच्या आसपास गाडी तापली, बोनेटमधून वाफ. रस्त्याकडंच्या एका मिस्त्रीनं पंख्याची तुटलेली वायर जोडली. मग म्हणाला, आता आयुष्यात तापणार नाही असं करून देतो. पाण्याचा मोठा पाइप सोडला आणि आतून एक स्प्रिंग लावलेली पितळी वाटी काढून माझ्या हातावर ठेवली. "सर, हे थंड मुलखात लागतं. आपल्या मराठवाड्यात काय काम त्याचं?" बाहेर ४२ अंश, लेकरं रडायलेली, बायकोच्या मांडीवर आहेराची भांडी. मला ते शंभर टक्के पटलं. शेजारच्या हॉटेलच्या हौदातलं पाणी रेडिएटरमध्ये ओतलं, आठशे दिले, निघालो. ते पाणी आजही तेच आहे. वरून बोअरचं भरत आलोय.

दिवाळीत गाडी गावाकडं सोळा दिवस. पत्र्याच्या शेडात, सोयाबीनच्या पोत्यांना लागून.

स्पेअर पार्टच्या दुकानात ओळखीच्याकडं मोठा स्कॅनर होता, तो एक दिवस मागून घेतला. मी चालवत होतो, शेजारी बसून मुलीनं वहीत लिहिलं. सकाळी, बाहेर ११ अंश, २२ किलोमीटरनंतर: पाणी ५८ अंश, स्लो १०९०. दुपारी गावात हळूहळू येऊन थांबल्यावर: पाणी ७४, आरपीएम ९८० ते १६८० असं झुलतंय. मोटरची पायरी दोन्ही वेळा शून्य. मॅनिफोल्डचा (थ्रॉटलच्या पुढं सिलेंडरांना हवा वाटणाऱ्या नळ्यांचा) दाब सकाळी ४६ किलोपास्कल. किल्ली ऑन, इंजिन बंद असताना ९७. फ्युएल ट्रिम (ईसीएम पेट्रोल किती टक्के कमी-जास्त करतोय तो आकडा) अधिक ३. चेक लाईट नसूनही आत एक कोड पडलेला सापडला, पी०५०७.

जुना फिटर, उदगीर

पहिलं दुखणं मिटलं असं समजा. ती पितळी वाटी म्हणजे थर्मोस्टॅट. तो पाण्याला रेडिएटरचं दार बंद ठेवतो, पाणी ८२-८५ ला गेलं की उघडतो. दार काढूनच टाकलं की थंडीत रस्त्यावरचा वारा सारखा पाणी गार करत बसतो. तुमची गाडी बावीस किलोमीटर पळून ५८ अंशाला, म्हणजे ईसीएमच्या हिशेबानं ती अजून अंथरुणातच. मग तो स्लो वर ठेवतो आणि पेट्रोल जास्त पाजतो. वास त्याचाच, मायलेजही बरंचसं तिथंच गेलंय. मे-जूनमध्ये कळलं नाही कारण ४२ अंशात थर्मोस्टॅट नसला तरी पाणी तापतंच. 'आपल्याकडं लागत नाही' म्हणणारे मिस्त्री दर तालुक्याला सापडतात, मीही तरुणपणी दोन-चार गाड्यांचे काढलेत, खोटं कशाला बोलू.

बोअरच्या पाण्याचं तर बोलायलाच नको. आपलं पाणी किती जड ते घरच्या गिझरच्या कॉइलला विचारा. तोच पांढरा थर रेडिएटरच्या नळ्यांत आणि पाण्याच्या सेन्सरच्या टोकाला चढतो.

दुपारच्या नाचण्यात मात्र मी अडलो. कुठून तरी बाहेरची हवा घेत असंल असं वाटत होतं, पण मग ट्रिम पंधरा-वीसवर दिसायला पाहिजे. तुमची तीन. ही तर निरोगी गाडीची ट्रिम आहे.

वाळूज शिफ्ट, छत्रपती संभाजीनगर

मामा, मधे बोलते, राग मानू नका. मी इंजिन टेस्टिंगला आहे. हवा घेतली की ट्रिम वाढते हे हवा मोजणाऱ्या सेन्सरच्या गाड्यांत खरं. तिथं गळतीची हवा सेन्सरच्या मागून आत शिरते, मोजलीच जात नाही, म्हणून पेट्रोल कमी पडतं आणि ट्रिम भरपाई करते. सरांच्या गाडीत हवा मोजत नाहीत, मॅनिफोल्डचा दाब मोजतात. गळतीनं आत हवा वाढली की दाबही वाढतो, ईसीएम त्या हवेला पुरेल एवढं पेट्रोल आपणहून देतो. ट्रिमला कळतसुद्धा नाही. गाडीला पेट्रोल कमी पडत नाही, नुसती जोरात चालते.

चोर दिसतो तो दुसऱ्या दोन आकड्यांत. मोटरची पायरी शून्य, म्हणजे ईसीएमनं आपली वाट पूर्ण बंद केलीय आणि तरीही आरपीएम हव्या त्यापेक्षा वर आहे. पी०५०७ चा अर्थही तोच, स्लो अपेक्षेपेक्षा जास्त. आणि दाब ४६. अशी गाडी बिनओझ्याची उभी असताना तिशी-पस्तिशीत असते. वर सरांच्या मिस्त्रीनं स्क्रू मागं घेतलाय, म्हणजे चकतीतून हवा उलट कमी झालीय. मग एवढी हवा येते कुठून? इंजिन बंद असताना ९७ दाखवतोय, म्हणजे सेन्सरवर संशय घ्यायला जागा नाही.

नाचण्याचंही सांगते. पाय उचललेला आणि आरपीएम एका हद्दीच्या वर, असं दिसलं की ईसीएमला वाटतं गाडी उतारावर आहे, तो पेट्रोल बंद करतो. आरपीएम पडतं, तो परत पेट्रोल देतो, गळतीची हवा आरपीएम परत वर नेते, तो परत बंद करतो. ही हद्द थंड इंजिनला उंच असते आणि गरम होत जाईल तशी खाली येते. म्हणून सकाळी ५८ अंशाला गाडी नुसती अकराशेवर बसून राहते आणि दुपारी ७४ ला नाचायला लागते. एकच भोक, दोन वेळची दोन सोंगं.

शोधताना गरम इंजिनवर कार्ब क्लीनर फवारू नका, सर. व्हिडिओत सगळे फवारतात, पण एका ठिणगीचं काम आहे. झाडांना पाणी मारायच्या बाटलीनं थोडं-थोडं पाणी नळ्यांच्या जोडांवर मारा, वायरींचे सॉकेट आणि प्लगची बाजू सोडून. गळतीवर पाणी पडलं की आवाज क्षणभर बदलतो.

जुना फिटर, उदगीर

राग कशाचा ताई, बरोबर आहे तुमचं. शून्य पायरी माझ्या डोळ्यापुढं होती आणि मी ट्रिम धरून बसलो.

गुरुजी, आता सोपं आहे. ठिबकची १६ एमएमची नळी घ्या, मीटरभर. एक टोक कानाला, दुसरं मॅनिफोल्डच्या आजूबाजूनं फिरवा, पंखा आणि बेल्टपासून लांब. हवा ओढत असंल तिथं 'स्सस' असा आवाज कानात येईल, सापासारखा. मग मॅनिफोल्डला लागलेली एकेक रबरी नळी फडकं गुंडाळून पकडीनं दाबा. जी दाबल्यावर नाचणं थांबतं ती नळी. ब्रेकच्या डब्याची जाड नळी पण बघा, पण गाडी उभी असतानाच. सोयाबीनच्या पोत्यांशेजारी सोळा दिवस म्हणालात, तेव्हाच माझ्या मनात उंदीर आला होता.

खडूफळा, परभणी

मंडळी, उशिरा लिहितोय. रविवार पूर्ण गाडीखाली गेला आणि सोमवारी एक चाचणी होती.

आधी उंदराचं. ठिबकची नळी गावाकडून आणायची गरज पडली नाही, शेजाऱ्याच्या गच्चीवर पडून होती. गाडी दुपारी फिरवून आणली, नाचायला लागली तशी कानाला लावली. ब्रेकच्या डब्यापाशी काही नाही, मॅनिफोल्डच्या खालच्या कडेला काही नाही. थ्रॉटलच्या मागून एक बोटाएवढी नळी टाकीच्या वाफेच्या वॉल्व्हकडं जाते, तिथं गेलो आणि कानात असं काही फुस्स झालं की मी नळी टाकून मागं सरलो. पकडीनं दाबली: व्हूं-व्हूं बंद. सोडली: चालू. चार वेळा केलं, आमच्या मुलीनं दोन वेळा केलं. नळी खालच्या बाजूनं कुरतडलेली, वरून बघितली तर धडधाकट. दाताच्या दोन-दोन रेघा स्पष्ट दिसतात. बाजूला वायरीवरच्या फोमचा भुगा आणि सोयाबीनच्या तीन टरफलांचा मुद्देमाल सापडला.

शेजारी म्हणाला, सर, ठिबकचीच नळी बसवून टाका, मापाची आहे. नाही बसवली. पेट्रोलच्या वाफेची आणि गरमीची ती नव्हेच. दुकानातून पेट्रोलची रबरी नळी फूटभर आणली, ९० रुपये, दोन क्लिपा वेगळ्या.

स्क्रूवर पिवळ्या रंगाची अर्धी रेघ शाबूत होती, दुसरी अर्धी लिव्हरच्या कानावर. जुळवली. एक्सलेटर पहिल्या दाबात मऊ.

थर्मोस्टॅट नवा आणला, कडेवर ८२ कोरलेलं. बसवायच्या आधी मामा, एक लोभ आवरला नाही. शनिवारी शाळेत नेला. स्पिरिटच्या दिव्यावर चंचुपात्र, त्यात दोऱ्यानं टांगलेला थर्मोस्टॅट, तळाला न टेकता, शेजारी प्रयोगशाळेचा तापमापक. सातवीची पोरं गोल करून बसली. सत्तर झाले, काही नाही. ऐंशी, काही नाही. पोरांना कंटाळा आला. ८२ ला मधल्या चकतीच्या कडेला नखाएवढी फट पडली आणि एक पोरगी ओरडली, "सर, तोंड उघडलं त्यानं!" नव्वदच्या पुढं चांगलाच आ वासला. बाहेर काढला तसा हळूहळू मिटला. आत मेण असतं, ते वितळून फुगतं आणि दांडी ढकलते हे सांगितलं. मग एकानं विचारलं, सर, हे तुमच्या गाडीतून काढलं तेव्हा तुम्ही कामून नाही म्हणाला नाहीत? पुढच्या धड्याकडं वळलो.

रेडिएटर सोडला तर चहाच्या रंगाचं पाणी आणि तळाला पांढरी कपची. दोन वेळा साध्या पाण्यानं, एकदा बॅटरीच्या (बॅटरीत घालतात त्या शुद्ध) पाण्यानं धुतलं. कुलंट आणि बॅटरीचं पाणी अर्धं-अर्धं भरलं. सेन्सरच्या टोकाला खरंच खडूसारखा थर होता, हलक्या हातानं पुसला. मल्टिमीटरवर सकाळी गार असताना तो अडीच किलोओहमच्या आसपास आणि इंजिन गरम झाल्यावर तीनशे ओहमच्या खाली, म्हणजे शाबूत. झाकण उघडं ठेवून हीटर लावून वीस मिनिटं चालवली, हवेचे बुडबुडे थांबेपर्यंत.

सोमवारची चाचणी, तोच रस्ता, तीच चहाची टपरी, बाहेर १२ अंश: पाणी ८७, स्लो ७६०, मोटर २८ पायऱ्या, दाब ३३. निळा दिवा तिसऱ्या किलोमीटरला विझला. दुपारी वसमत रोडला थांबलो तेव्हा गाडी चालू आहे का बंद हे बघायला दोनदा काट्याकडं बघितलं.

एकूण खर्च साडेअकराशे, त्यात सर्वांत महाग कुलंट. मायलेज टाकी भरल्यावर सांगतो. एसी लावला की डाव्या बाजूनं थोडी थरथर अजून येते, पण काटा हलत नाही.

जुना फिटर, उदगीर

काटा हलत नसून गाडी थरथरत असंल तर इंजिनचं माउंटिंग बघा. बोनेट उघडा, कुणाला तरी ब्रेक दाबून पहिल्या गिअरमध्ये क्लच जरासा सोडायला लावा. इंजिन एका बाजूला उचललं जात असंल तर त्या बाजूचं रबर गेलं. समोर उभं राहू नका.

आणि गावाकडं गाडी ठेवली की रात्री बोनेट उघडं ठेवत जा. उंदराला उजेड-वारा आवडत नाही.

खडूफळा, परभणी

बघतो मामा. बोनेटचं कालपासूनच सुरू केलंय. सकाळी आत शेजाऱ्याचं मांजर झोपलेलं होतं, तेही चालेल.